विश्लेषण : आहेराची वही लग्नाआधीच उघडली तर?

लग्नसराईत भांड्याच्या दुकानात शिरणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पोरीले काय देऊ?’ दुकानदार अंदाजाने एखादी वस्तू पुढे करतो, पाहुणा किंमत पाहून ती घेतो, वस्तूवर नाव कोरून होते. लग्न आटोपल्यावर आहेर उघडला की भिंतीवरची पाच घड्याळे, चार लेमन सेट आणि तीन डिनर सेट निघतात. कुकर, पोळपाट आणि पाण्याचे पिंप मात्र नव्या जोडप्याला स्वतःच घ्यावे लागते. पाहुण्यांचा पैसा खर्च झाला, दुकानाचा माल खपला, संसाराची गरज होती तिथेच राहिली. यावर परदेशात शंभर वर्षांपूर्वी निघालेला उपाय म्हणजे ‘गिफ्ट रजिस्ट्री’. तोच उपाय ऑनलाइन कंपन्यांच्या मदतीशिवाय, हिवरखेडसारख्या गावातल्या दुकानांत कसा करता येईल, त्यात हुंडाबंदीचा कायदा कुठे आडवा येतो आणि उधारीचे काय करायचे, याविषयी...

गिफ्ट रजिस्ट्री म्हणजे नेमके काय?

लग्न ठरलेले जोडपे एखाद्या दुकानात संसाराला लागणाऱ्या वस्तूंची यादी देऊन ठेवते. पाहुणा दुकानात येतो, यादीतली परवडेल ती वस्तू निवडतो, पैसे भरतो आणि दुकानदार त्या वस्तूपुढे खूण करतो. पुढच्या पाहुण्याला ती वस्तू ‘झाली’ म्हणून कळते. बाकी यात गूढ काही नाही. अमेरिकेत शिकागोच्या ‘मार्शल फील्ड्स’ या मोठ्या दुकानाने १९२४ साली ही सोय सुरू केली, असे साधारणपणे मानले जाते. १९९३ मध्ये ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने यादी पाहण्यासाठी दुकानांतच संगणकाची यंत्रे बसवली. पुढे सगळे इंटरनेटवर गेले. तरीही अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या छोट्या गावांत भेटवस्तूंची अशी स्वतंत्र दुकाने आहेत, जी वधूने निवडलेली भांडी तिच्या नावाच्या पाटीसह एका टेबलावर मांडून ठेवतात. गावातले लोक येता-जाता टेबलाकडे पाहतात आणि काय उरले ते त्यांना कळते.

आपल्याकडे मोठ्या शहरांत ऑनलाइन यादी करून देणाऱ्या सेवा आल्या. गावात मात्र पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ किंवा ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असे छापून विषय संपवण्याची रीत पडली. ती ओळ वाचूनही पाहुणे रिकाम्या हाताने येत नाहीत, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असते.

वऱ्हाडाला हे नवे आहे का?

नाव नवे आहे, काम बरेचसे जुने आहे. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. कापूस, संत्री आणि पानपिंपळीचा हा पट्टा. (याच नावाचे दुसरे गाव अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे, ऑनलाइन भेट मागवणाऱ्याने पिनकोड दोनदा तपासावा, नाहीतर डिनर सेट वेगळ्याच मांडवात उतरायचा.) या भागात मुलीला लग्नात जी भांडीकुंडी आणि घरसामान मिळते, त्याला आंदण म्हणतात. गुंड, गंज, परात, कोपर, झारा, सराटा, डबे, पलंग, कपाट. जवळच्या नात्यात हे आंदण आधीच वाटून घेतले जाते. मामाने पलंग घ्यायचा, मोठ्या काकाने कपाट, आत्याने देवघरातली समई, असे बैठकीत तोंडी ठरते. म्हणजे यादी असते. पण ती आठ-दहा घरांपुरती. त्या वर्तुळाबाहेरचे दीड-दोनशे पाहुणे अंधारात राहतात आणि घड्याळे त्यांच्याकडून येतात.

दुसरी यादी असते ती आहेराच्या वहीत. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून, अक्षर बरे असलेल्या एखाद्या भाच्याला तिथे बसवले जाते. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू, अशी तो नोंद करतो. ही वही घरात वर्षानुवर्षे जपली जाते, कारण समोरच्याच्या घरी कार्य निघाले की ती पुन्हा उघडायची असते. त्यांनी आपल्याकडे १०१ दिले होते, आता काळ बदलला, आपण २०१ देऊ, असा हिशेब त्यातून होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक गाजलेला निबंध लिहिला. भेट देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे, ही तिन्ही सामाजिक बंधनेच असतात, असे त्यांनी त्यात मांडले. वऱ्हाडातल्या कोणत्याही आजीला हे निबंध न वाचता माहीत असते.

आहेराची वही लग्नात लिहिली जाते आणि रजिस्ट्री लग्नाआधी, फरक एवढाच आहे. वही सांगते काय आले. यादी सांगते काय हवे आहे.

दुकानदाराचा सहभागही नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात गावातले कार्य आणि गावातला कारागीर एकमेकांना बांधलेले होते. लग्नघरी मडकी पुरवणारा कुंभार, पाट-चौरंग करणारा सुतार आणि दागिने घडवणारा सोनार ठरलेला असे आणि त्या कामाचा त्याला हक्क मिळे. ती व्यवस्था जातीवर उभी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण गावातल्या लग्नाचा पैसा गावातल्या हातांत फिरावा, हा तिच्यातला भाग आजच्या बाजारपेठेतून पुरता गेलेला नाही. आजही अनेक गावांत बायकांची ‘भांड्यांची भिशी’ चालते. दर महिन्याला ठरलेली रक्कम दुकानदाराकडे किंवा गटाकडे जमा करायची आणि मुदत संपली की तेवढ्या किमतीची भांडी न्यायची. आगाऊ पैसे, वहीत नोंद, नंतर माल. आहेराच्या यादीला जी घडी लागते, ती भिशीने आधीच घालून ठेवली आहे.

गावातल्या दुकानांत यादी करायची कशी?

समजा, हिवरखेडातल्या एका मुलीचे लग्न वैशाखात आहे. तिने आणि होणाऱ्या नवऱ्याने पहिल्यांदा कागदावर स्वयंपाकघर उभे करून पाहावे. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणकोणती वस्तू हाताला लागते, असे मोजत गेले की यादी आपोआप खरी होते आणि शोभेच्या वस्तू गळतात. घरी आधीच काय आहे आणि जवळचे नातलग काय देणार आहेत, ते वजा करायचे. उरलेली यादी दुकानांप्रमाणे वाटायची : भांडी एका दुकानात, चादरी-रग-सतरंज्या कापडाच्या दुकानात, पंखा-मिक्सर-कुकर विजेच्या वस्तूंच्या दुकानात, लाकडी काम सुताराकडे. शिलाई मशीन, पुस्तके, अगदी वर्षभराचे तिखट-मसाला दळून देण्याची नोंद किराणा दुकानात, हेही यादीत बसते. जिला शिवणकाम येते तिला सहाव्या डिनर सेटपेक्षा मशीनची सोय किती मोठी, हे वेगळे सांगायला नको.

चार दुकानांत विखुरलेल्या यादीचा घोळ होऊ नये म्हणून एका दुकानाला ‘मुख्य वही’ द्यावी. बहुतेकदा हे भांड्याचे दुकान असेल, कारण पाहुण्यांची पावले आधी तिकडेच वळतात. वहीत रकाने साधे असावेत : वस्तू, माप किंवा कंपनी, अंदाजे किंमत, कोणत्या दुकानात, कोणी घेतली, किती पैसे जमा, तारीख. बाकीचे दुकानदार वस्तू गेली की मुख्य वहीवाल्याला फोन करतात. दर आठवड्याला घरातल्या कोणीतरी वहीच्या पानाचा फोटो काढून नातलगांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकायचा, पण नाव आणि रकमेचे रकाने झाकून. कोणी किती दिले हे गटात फिरले की आहेराची स्पर्धा लागते आणि यादीचा हेतूच मोडतो.

यादी पत्रिकेवर छापू नये. छापली की निमंत्रणाबरोबर मागणी गेल्यासारखे होते आणि वऱ्हाडात असा माणूस पटकन दुखावतो. ‘काय देऊ?’ असे ज्याने विचारले त्यालाच सांगायचे की अमुक दुकानात वही ठेवली आहे, तिथे पाहा. सांगणारी व्यक्तीही मुलीची आई किंवा वडील नसून मावशी, मोठी बहीण किंवा मैत्रीण असली तर दोन्ही बाजूंचा संकोच कमी होतो.

मोठ्या वस्तूंसाठी वाटा पद्धत सोयीची. उदाहरणादाखल, १८ हजारांचा फ्रिज असेल तर बारा चुलतभावंडांनी प्रत्येकी दीड हजार भरायचे. एकेकट्याने दीड हजारात आणलेल्या बारा वस्तूंपेक्षा हा एक फ्रिज विदर्भाच्या मे महिन्यात जास्त कामाचा. वहीत त्या वस्तूला अर्धे पान सोडावे, वाटे भरत जातील तशी नावे लिहावीत आणि वाटे पूर्ण झाले नाहीत तर जमा रकमेतून दुसरी कोणती वस्तू घ्यायची तेही आधीच लिहून ठेवावे. हे आधी लिहिले नाही तर नंतर रुसवे ठरलेले.

दोन तपशील असे आहेत जे गावच्या दुकानालाच लागू होतात आणि कोणत्याही ऑनलाइन यादीत सापडत नाहीत. पहिला भावाचा. पितळ आणि तांब्याची भांडी वजनावर विकली जातात. विदर्भात पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव जुने आहे. पण माल कुठलाही असो, धातूचा भाव रोज तोच नसतो. मार्चमध्ये नोंदवलेल्या पितळी गुंडाचा भाव मे महिन्यात वाढला तर फरक कोणी सोसायचा? पैसे भरले त्या दिवशीचा भाव पक्का, असे दोघांनी ठरवून पावतीवर लिहिणे हा सरळ मार्ग. दुकानदाराने त्याच आठवड्यात तो माल बाजूला काढून ठेवला तर त्याचेही नुकसान होत नाही.

दुसरा तपशील नाव कोरण्याचा. भांड्यावर देणाऱ्याचे नाव, ‘सप्रेम भेट’ आणि तारीख कोरून देण्याची रीत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मांडणीवरची भांडी वाचत गेले तर घराची अर्धी सोयरीक कळते. मात्र नाव कोरले की परतीचा रस्ता बंद. कोरलेला गंज कोणताही दुकानदार परत घेत नाही, मोडीत मात्र घेतो. म्हणून यादीतल्या भांड्यांवर नावे सगळ्यात शेवटी, लग्नाच्या आठवड्यात, यादी एकदा ताडून झाल्यावर कोरावीत. वाट्याने घेतलेल्या वस्तूवर बारा नावे मावत नाहीत, तिथे ‘सर्व भावंडांकडून’ एवढे पुरते.

यादी माहेरच्या बाजारात की सासरच्या?

हा प्रश्न शहरातल्या ऑनलाइन यादीत उद्भवत नाही, कारण तिथे ट्रक पत्त्यावर येतो. गावात मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. हिवरखेडची मुलगी परतवाड्याला, शेगावला किंवा थेट पुण्याच्या भाड्याच्या खोलीत गेली, तर गॅसची शेगडी आणि वॉशिंग मशीन इथून घेऊन उपयोग काय? वाहतुकीचा खर्च वेगळा आणि बिघाड झाला तर दुकान दूर. म्हणून यादीचे दोन भाग करणे शहाणपणाचे. ज्या वस्तूंना दुरुस्ती लागत नाही, म्हणजे भांडी, चादरी, शिवणाच्या वस्तू, त्या माहेरच्या गावात घ्याव्यात. ज्यांना वॉरंटी आणि मेकॅनिक लागतो, त्यांची यादी नवे बिऱ्हाड जिथे होणार तिथल्या दुकानात ठेवावी. माहेरचा पाहुणा यूपीआयने तिथल्या दुकानदाराला पैसे पाठवू शकतो. पावती व्हॉट्सअॅपवर येते.

या वाटणीने एक जुनी ओढाताणही थांबते. वरातीच्या टेम्पोत कपाट, कूलर आणि भांड्यांची पोती कोंबून नेण्याचा प्रकार कोणालाच सोयीचा नसतो. त्यात पोचे पडतात, काचा फुटतात. यादीतला माल लग्नानंतर पंधरा दिवसांनी, बिऱ्हाड लागल्यावर, दुकानातून थेट घरी पोचवायचा असे ठरवता येते. आहेर मांडवात दिसला पाहिजे, असा ज्यांचा आग्रह असतो त्यांच्यासाठी दुकानदाराने सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी. पाकिटातून तीच चिठ्ठी मुलीच्या हाती पडते.

यादी म्हणजे हुंड्याची मागणी ठरणार नाही ना?

इथे काळजी घ्यायला हवी, कारण वस्तूंची यादी हा शब्द आपल्या लग्नांत निरपराध नाही. बैठकीत वराकडून पुढे सरकवलेल्या कागदालाही यादीच म्हणतात. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार हुंडा देणे आणि घेणे या दोन्हींसाठी किमान पाच वर्षांची कैद आणि किमान १५ हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांपैकी जो जास्त असेल तो दंड आहे. विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद कमी करू शकते. नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मागणी थेट असो वा आडून, कायद्याला फरक पडत नाही.

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने एक सूट आली. लग्नात वधूला किंवा वराला कोणतीही मागणी न होता दिलेल्या भेटी हुंड्यात मोडत नाहीत; अट अशी की त्यांची नियमांप्रमाणे यादी ठेवलेली असावी. वरासाठीच्या भेटी वधूच्या बाजूने आलेल्या असतील तर त्या रूढीला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने त्यांची किंमत जास्त नसावी, हीदेखील अट आहे. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८५ पासून भेटींच्या याद्यांविषयीचे केंद्राचे नियम लागू झाले. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने ठेवायची. ती लेखी हवी. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असल्यास ते कोणते, हे तीत यावे. वधू आणि वर दोघांच्याही सह्या तिच्यावर हव्यात. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती करायची आहे.

चाळीस वर्षांपूर्वीचा हा नियम किती लग्नघरांत पाळला जातो, हे ज्याने-त्याने आपल्या सोयऱ्यांत विचारून पाहावे. कायद्याला जे रकाने हवेत, ते आपल्या दुकानातल्या वहीत जवळपास तसेच आहेत : वस्तू, किंमत, देणारा. नात्याचा रकाना वाढवला आणि शेवटी दोघांच्या सह्या घेतल्या की कायद्याला हवा असलेला कागद दुकानाच्या वहीतूनच तयार होतो. दुकानाच्या पावत्या जोडल्या तर किमतीचाही पुरावा होतो.

या कागदाचे मोल लग्न सुरळीत चालले तर फारसे कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केले की स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे आणि ते तिला परत न करणे हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. मुलीला दिलेल्या भेटी त्यात येतात. संसार मोडला किंवा नवरा अकाली गेला, तर फ्रिज कोणाचा, समई कोणाची, मशीन कोणाचे, हा वाद तोंडी आठवणींवर लढवावा लागतो. त्या वेळी आत्याने काय दिले होते हे आठवणारी आत्याही कदाचित नसते. यादी असेल तर वस्तू मुलीच्या नावाने बोलते.

म्हणून काही सीमारेषा पक्क्या हव्यात. यादी जोडप्याने करावी, वराच्या वडिलांनी नव्हे. ती वराकडून वधूकडच्या घराकडे कधीही पाठवली जाऊ नये. तसे झाले की तिचे नाव काहीही असो, ती मागणीच. वधूच्या आईवडिलांवर यादी पूर्ण करण्याची जबाबदारी नसावी : जे उरले ते उरले. मोटारसायकल, सोने, रोख रक्कम या गोष्टी यादीत घेऊच नयेत. आणि वराकडच्या पाहुण्यांनाही तीच यादी दाखवली जावी. एकाच बाजूचे पाहुणे आंदण देतात आणि दुसऱ्या बाजूचे मानपान घेतात, ही घडी निदान इथे तरी मोडता येते.

याच मातीतल्या, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगे महाराजांनी कीर्तनांतून लग्नासाठी कर्ज काढू नका, हे परोपरीने सांगितले. राज्य सरकारच्या शुभमंगल सामूहिक विवाह योजनेतूनही शेतकऱ्यांच्या मुलींच्या लग्नासाठी अनुदान दिले जाते, तेही याच ओझ्याकडे पाहून. आंदणासाठी सावकाराचे तोंड पाहणाऱ्या बापाचे ओझे दीडशे पाहुण्यांच्या आधीच होणाऱ्या खर्चातून थोडे हलके होत असेल, तर यादीचा तो सगळ्यात मोठा फायदा आहे. पण यादी वाढवत नेली आणि ती भरणे प्रतिष्ठेचे झाले, तर तेच ओझे वाढेल. कागद एकच, वापर दोन.

करांच्या बाजूने चिंता नसावी. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटी आयकरातून मुक्त आहेत. एरवी नातलग नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजार रुपयांवर भेटी मिळाल्या तर त्या उत्पन्नात धरल्या जातात. ही लग्नाची सूट वधूवरांना आहे, त्यांच्या आईवडिलांना नाही. वस्तूंची नोंद वधूच्या नावाने ठेवण्याचे हेही एक कारण.

दुकानदाराचे गणित काय?

अकोल्याच्या किंवा अकोटच्या मोठ्या दुकानाशी आणि मोबाइलवरच्या सवलतींशी गावचे दुकान भावात टिकत नाही, हे उघड आहे. यादीमुळे त्याच्या हाती येणारी गोष्ट वेगळी आहे : दोन महिने आधी कळलेली मागणी. कोणती वस्तू किती लागणार हे ठाऊक असेल तर लग्नसराईसाठी अंदाजाने माल भरून भांडवल अडकवावे लागत नाही. चार घरांच्या याद्या एकत्र केल्या तर घाऊक व्यापाऱ्याकडून भावही बरा मिळतो, आणि तो थोडा ग्राहकाला देता येतो. लग्नानंतर ‘हे बदलून द्या’ म्हणत येणाऱ्यांची रांगही आटते.

अडचण उधारीची. या भागात कापसाचा पैसा दिवाळीनंतर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हाती येतो. मोठी लग्ने मात्र एप्रिल-मे मध्ये, खिसा रिकामा आणि पेरणी तोंडावर असताना. ‘लिहून ठेवा, कापसावर देतो’ हे वाक्य गावच्या दुकानदाराला नवे नाही. आहेराच्या यादीत मात्र हे चालू दिले तर वस्तूपुढे खूण होते, दुसरा पाहुणा ती सोडून देतो आणि पैसे येतच नाहीत. म्हणून नियम एकच : पैसे जमा झाल्याशिवाय खूण नाही. ज्याला उधारीच हवी, ती त्याच्या स्वतःच्या खात्यावर, मुलीच्या यादीत नव्हे. दुकानदाराला हा नियम तोंडावर सांगणे जड जाते. वहीच्या पहिल्याच पानावर घरच्यांच्या नावाने तो लिहून ठेवला की त्याला बोट दाखवता येते.

शिवाय दुकानदाराने आहेराची जमा रक्कम म्हणजे बिनव्याजी भांडवल समजू नये. प्रत्येक जमेची पावती द्यावी, आणि घरच्यांनीही वहीची आपली प्रत ठेवावी. दुकान कितीही जुन्या ओळखीचे असले तरी.

ज्याला यादीतले काहीच परवडत नाही त्याचे काय?

यादीविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप हा आहे. शेतमजुरी करणारी शेजारीण ५१ रुपयांचे पाकीट आणि ब्लाउजपीस घेऊन येते, तिला दुकानातल्या वहीकडे बोट दाखवणे म्हणजे तिचा अपमान. त्यावर नियमाने उपाय होत नाही, यादीच्या रचनेने होतो. यादीत चमचे, गाळणी, पळी, किसणी, सांडशी, आगपेटीचा डबा अशा पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तू भरपूर असाव्यात. संसाराला त्या लागतातच आणि एरवी कोणी देत नाही. आणि ज्याने विचारले नाही त्याला यादी सांगायची नाही. मांडवातले टेबल, भाचा आणि जुनी वही आपल्या जागी राहतात. घरच्या गोधडीला, हाताने केलेल्या रुखवताला आणि ओटीतल्या नारळाला कोणत्याही दुकानाच्या यादीत रकाना नसतो, तो करूही नये.

वस्तू खराब निघाली तर तक्रार कोणी करायची?

पैसे पाहुण्याने भरलेले, वापर मुलीचा. अशा वेळी दुकानदार ‘ज्यांनी घेतली त्यांना पाठवा’ म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही ग्राहक मानतो, त्यामुळे मुलगी स्वतः तक्रार करू शकते. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार देता येते. म्हणजे हिवरखेडात घेतलेल्या मिक्सरसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलीला अकोल्याच्या चकरा माराव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

यासाठी बिलावर दोन नावे असावीत : पैसे देणाऱ्याचे आणि वस्तू ज्याच्यासाठी आहे त्याचे. वॉरंटी कार्डावर मात्र मुलीचेच नाव, दुकानाचा शिक्का आणि वस्तू हाती पडल्याची तारीख घालून घ्यावी. मार्चमध्ये पैसे भरलेल्या आणि जूनमध्ये घरी आलेल्या फ्रिजची वॉरंटी मार्चपासून मोजली गेली तर तीन महिने फुकट जातात. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते दुकानातच पाहून घ्यावे. आणि घरी माल उतरवून घेताना वही पुन्हा एकदा समोर ठेवावी, वस्तू वाचत जावे, आणि मिळालेल्या प्रत्येकीपुढे या वेळी मुलीने स्वतः खूण करावी.